तीस चौकोनांत तीन

खानापूरच्या सरकारी दवाखान्यात, रात्री सव्वादोनला
भरमा कुंभाराला आणलं, टेम्पोतून, घोंगडीत.
"डोळ्यापुढं अंधारी येतीया की वो," एवढंच म्हणाला.
टाचेच्या भेगांत लाल माती, नाडी बोटाखाली
येते म्हणेस्तोवर हरवणारी.

मी ईसीजीवाली. एकोणीस वर्षं
थंड जेल लावून माणसांना दचकवते.
कागद सरकला की आधी ठोके बघत नाही,
मधली रिकामी जागा बघते.

केवढी होती.
तीस मोठ्या चौकोनांत तीन ठोके,
आणि तेही सुईसारखे उभे नव्हेत;
रुंद, फेंगडे,
शिकाऊ हातानं ओढलेल्या मडक्याच्या काठासारखे.

हंचिनमनी डॉक्टर, तीनच आठवड्यांच्या इथं,
रुंदी बघून दचकल्या.
"खालच्या कप्प्यातून येतायत," म्हणाल्या.
बरोबरच होतं ते.
आणि हात गेला लिग्नोकेनच्या बाटलीकडे.

"मॅडम, सावकाश."
हा एक शब्द आमच्याकडे दोन्ही भाषांत चालतो.

पेन्सिलीच्या टोकानं दाखवल्या बारक्या टेकड्या:
ठरल्या अंतरानं, आपल्याच नादात चाललेल्या,
मोठ्या ठोक्यांशी काही देणंघेणं नाही.
वरून हुकूम निघतोय, खाली पोचत नाही.
सीमेवरच्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही.
मग खालच्यानं, ज्याचं हे कामच नव्हे,
जाड हातानं ठोकायला घेतलंय.
जोरात पळत असता तर दंगेखोर म्हटलं असतं.
हा रात्रपाळीचा राखणदार.
ह्याला गप्प केलंत,
तर मागं कोणी नाही.

बाटली ट्रेमध्ये परत गेली. काचेचा आवाज झाला.
मग पॅड चिकटवले, बेळगावला फोन, एकशेआठला फोन.

त्याचा मुलगा दारात उभा. म्हणाला,
"काठी काढल्यावर चाक फिरत राहतं, तसं झालंय का?"
मी हो म्हणणार होते.
पण तसं नव्हतं ते.
चाक जुन्या धक्क्यावर फिरतं.
इथं दर खेपेला कोणीतरी
नव्यानं, एकट्यानं, ढकलत होतं.

गाडी गेली. देसूर, मच्छे.
पिरनवाडीहून फोन आला: बत्तीस.
त्या आकड्यावर मी चहा प्यायले.

असला कागद उजेडात ठेवला की पुसट होतो,
म्हणून ती पट्टी रजिस्टरमध्ये घालून
कपाटात ठेवलीय, खालच्या कप्प्यात.
हंचिनमनी मॅडम मागतात अधूनमधून,
नवीन कोणी ड्यूटीवर आलं की.
देण्याआधी मी विचारते,
"मोजणार ना आधी?"