रुपयात सहा आणे

फॉर्मवर तिने अंगठा नाही, सही केली,
सावकाश, कापडावर टाका घालावा तशी :
सत्यभामा लक्ष्मण खरटमल, वय अडुसष्ट,
बैंगनवाडी, गोवंडी.
पित्ताशयात खडे. काम : काजं-बटणं, डझनावर.
पेन परत देताना म्हणाली,
"डॉक्टरीणबाई, ते नशेचं औषध मला घालू नका."

भूल देणारीला लोक असलं काही सांगत नाहीत.
विचारतात, जाग येईल ना?
मध्येच तर येणार नाही ना?
मी म्हटलं, ते नशेसाठी नसतं, दुखू नये म्हणून असतं.
"माझा प्रज्ञाशील पण हेच सांगायचा.
दुखतंय म्हणायचा. कुठं, ते नाही सांगायचा."
मग नाकातली चमकी काढून
तिने सुनेच्या तळहातावर ठेवली
आणि सुनेची मूठ स्वतःच मिटली.

मी वचन दिलं नाही.
म्हटलं, सुरुवातीला अर्धी देईन, घशात नळी घालताना.
पुढे लागलीच, तर तुम्हाला न विचारता देईन,
कारण तेव्हा तुम्हाला विचारता येणार नाही.
ती हसली.
बहुतेक खरं ऐकून बरेच दिवस झाले होते.

फेंटानिल कुलपात असतं.
दोन किल्ल्या, एक वही,
फोडलेली काचसुद्धा मोजून परत.
एस्मोलोल उघड्या ट्रेमध्ये, कुणी चोरत नाही.
हृदयाचं औषध ते. धावत सुटलेल्या नाडीला
खांद्यावर हात ठेवून म्हणतं, बस जरा.
आणि स्वतः मात्र बसत नाही,
नऊ मिनिटांत निम्मं रक्तातच विरतं.
म्हणून पंपावर, थेंबामागे थेंब.

पोटात वायू भरला.
एरवी इथे नाडी उधळते :
माणूस झोपला तरी शरीर ओरडतंच,
तोंड बंद असेल तर छातीतून.
८१.
७८.
७४.
"बीपी?" मुकादमसरांनी मान वर न करता विचारलं.
ठीक.
"कॅमेरा डावीकडे घे रे."
देवनारचा धूर आज इथवर आलेला,
कॉरिडॉरमध्ये कुणीतरी खोकत होतं.
कुलपाची किल्ली माझ्या खिशात होती,
दोनदा हात लावून पाहिला.

हे का चालतं, ते नक्की सांगता येत नाही.
कुणी म्हणतं, वर्दी मेंदूपर्यंत पोचतच नाही.
कुणी म्हणतं, आधी दिलेली अर्धीच
यकृतात जरा जास्त रेंगाळते.
विद्यार्थ्यांना मी दोन्ही सांगते.
तिसरं सांगत नाही, त्याला पुरावा नाही :
की घाबरलेलं दुखणं जास्त दुखतं.

रिकव्हरीत तिचे ओठ कोरडे पडलेले.
आजी, शून्य ते दहा, किती दुखतंय?
तिने छताकडे पाहिलं, हिशोब केला.
"रुपयात सहा आणे."
मी मनात भागाकार मांडला. पावणेचार.
तक्त्यात पावणेचारला रकाना नाही,
चार लिहिले.
कुठे दुखतंय?
उजव्या खांद्यावर बोट ठेवलं तिने.
गॅसमुळे होतं, म्हटलं, उद्यापर्यंत जाईल.
"राहू दे की," ती म्हणाली,
"कुठं ते तरी सांगता येतंय मला."
सलाईनमधून पॅरासिटामॉल सोडलं.
ती बोट तिथेच ठेवून झोपली.

उरलेली अर्धी सिस्टर लोबोंच्या साक्षीने
बेसिनमध्ये ओतली.
घेतली एक. दिली अर्धी. टाकली अर्धी.
दोन सह्या, वेळ बारा वाजून दहा.
सिस्टर गेल्या.
मी नळ आणखी थोडा वेळ
चालूच ठेवला.