हलचा ओकार

शुक्रवारी ड्यूटी संपवून सरळ दुकानात गेले.
डेरिकनं माझी प्रत काउंटरखाली जपून ठेवली होती
आणि पिशवीत घालताना तो काहीच बोलला नाही.
एरवी बोलतो. तेव्हाच कळायला हवं होतं.

लेट बॉबर्स. नऊ वर्षांनी.
बॉबर म्हणजे रात्रभर बोटीतून मासळी उतरवणारे,
पहाटे ज्यांचे कपडे बायका उंबऱ्याबाहेरच काढून घ्यायच्या.
हे मला कुणी सांगितलं? त्यांच्याच एका गाण्यानं.

माझा इथला पहिला हिवाळा. तळघरातला एक्स-रे विभाग.
पेशंट बोलायचे त्यातलं मला निम्मं कळायचं नाही.
माझं कराडच्या कॉन्व्हेंटचं इंग्रजी
घडी न मोडलेल्या साडीसारखं, इथे कुठे नेसायचं?
लिझेलनं ओढत नेलं एका पबच्या माडीवर.
चाळीसेक माणसं, ओल्या कोटांचा वास,
आणि खांदे पाडून उभा असलेला कार्ल
'स्नो'ला म्हणत होता 'स्नऽ',
'फोन'ला 'फऽन', 'होम'ला 'हऽम'.
ओकाराचा काना नाही, मात्रा नाही,
दोन्ही जणू धक्क्यावर उतरवून ठेवलेले.
ड्रमवर कीली. ती एक मात्रा उशिरा पोचायची,
दर वेळी, सुटलेल्या बसमागे धावत आल्यासारखी,
आणि बाकीचे तेवढे थांबायचे तिच्यासाठी.
त्या एका मात्रेत मी या गावात राहायला आले.

तर घरी आले, कोट अंगातच, सुई ठेवली.
पहिलं गाणं: व्हायोलिनं. वीस तरी असावीत.
दुसरं: कीली वेळेवर.
तिसऱ्यातही वेळेवर. चौथ्यातही.
पाचव्यात बर्फ पडतो. कार्ल म्हणतो, 'स्नो.'
हवामान सांगणाऱ्या बाईसारखं स्वच्छ,
काना-मात्रेसकट.

उठले, सुई मागे नेली.
'स्नो.'

वाईट नाहीये हो. तीच तर अडचण आहे.
पानात टाकायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त,
म्हणून दोन्ही बाजू संपवल्या, वर परत वाढून घेतल्या.
खारट नाही, करपलेलं नाही.
पाहुण्यांसाठी केलेलं, तिखट आधीच बाजूला काढलेलं.
मी दिवसभर भेगा शोधते,
केसाएवढी असली तरी मला दिसते.
ही रेकॉर्ड उजेडावर धरली असती
तर रिपोर्टात लिहिलं असतं: काहीही मोडलेलं नाही.

लिझेलला मेसेज केला. ती आता पर्थला असते.
तिचं उत्तर: 'मला आवडला. गाडीत छान वाटतो.'
गाडीत छान वाटतो!
यावर काय बोलणार. दोन दिवस तिच्यावर उगीच रुसून होते.

मग हेही आठवलं की कीलीला जुळी झाली,
कार्लच्या पाठीचं ऑपरेशन झालं,
आणि एका मुलीला गाव कळावं म्हणून
कुणी किती वर्षं बस चुकवायची?
कळतं हे सगळं. कळून कानाला काय फरक पडतो.

रेकॉर्डवरची किमतीची चिठ्ठी मी नेहमी
हेअर ड्रायरनं ऊब देऊन, नखानं, अलगद सोडवते.
या वेळी तशीच राहू दिली.

सोमवारी सकाळी पहिले पेशंट मिस्टर ब्लेंकिन,
वय एक्याऐंशी, छातीचा फोटो.
थंड पाटीवर हनुवटी टेकून, कोपरं पुढे काढून उभे.
मी काचेमागून सांगितलं, रोजचंच,
खोल श्वास घ्या, धरा, आता सोडू नका.
'डऽन्ट ब्रीद.'

त्यांनी धरलेला श्वास हसण्यात सांडला.
'तू कुठली गं पोरी? एसल रऽडची?'

फोटो हलला.
दुसरा काढावा लागला.