पूर्ण एक मिनिट

गोळी माझ्या हातात, पाणी भांड्यात,
आणि बायाक्का खराडे तोंड उघडून बसलेली.
थांब, म्हणते मी. आधी मोजू दे.

स्टेथोची चकती तळहातावर घासते,
गार लागली की म्हातारी दचकते
आणि दचकलेलं काळीज खरं सांगत नाही.
अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची नाही,
ही होसमनी सिस्टरांची ताकीद.
अर्धा मिनिट कुणीही नाटक करतं, म्हणायच्या,
पुरतं मिनिट निभत नाही.
त्यांनी शिकवलं कन्नडात,
म्हणून दुधाचा हिशेब मी मराठीत करते
आणि ठोके ओंदु, एरडु, मूरु.

सहा खाटांचा वॉर्ड. चादरी उकळल्या तरी
निपाणीत तंबाखूचा वास उरतोच.
कुणीतरी खोकतं. सेकंदकाटा फिरतो.
ऐवत्तनाल्कु.
चोपन्न.

साठाच्या खाली ही गोळी द्यायची नाही.
मी ती परत डबीत टाकते, टक् असा आवाज होतो,
तिचं तोंड अजून उघडंच.
"पैसं भरल्यात की गं लेकानं."

चाळीस वर्षं बिड्या वळलेली बाई.
पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचं हजार,
एक कमी भरली तर मुकादम
अख्ख्या दिवसाचं सूप उलटं करायचा.
तिचा मोजणीवर विश्वास आहे.
मोजणाऱ्यावर नाही.

मग मी स्टेथो तिच्याच कानांत घालते.
मोज तू.
ती डोळे मिटते. ओठ हलतात.
अंगठा आणि तर्जनी आपोआप दोरा गुंडाळायला लागतात,
ठोक्याला एक गाठ,
ठोक्याला एक गाठ,
मधेच हात थबकतो, पुढच्याची वाट बघतो.

"दोन कट्टं आणि वर चार," म्हणते.
मग जरा वेळानं, मालकिणीच्या आवाजात,
"लई सावकाश वळतोय की गं ह्यो."

आणि आता कुठं सांगते
की तीन दिवस झाले, दिव्याभोवती पिवळं कडं दिसालंय.
जेवण बघितलं तरी मळमळतंय.
यल्लव्वानं भंडारा टाकलाय दिव्यावर,
बोलावणं असंल.

देवीला मी काही म्हणत नाही.
पिशवी दाखव, म्हणते.

पिशवीतून निघतं ते असं:
पानाची चंची, बसची तिकिटं, अर्धा लाडू,
एक पट्टी आपल्याच दवाखान्यातली,
आणि एक कोल्हापूरची, लेकीनं तिकडं दाखवलं तेव्हाची.
दोन नावं, दोन रंग.
पट्टी उलटी करून उजेडाकडं धरते,
खाली मुंगीएवढ्या अक्षरात
तेच औषध.
सकाळी कर्नाटकाची, रात्री महाराष्ट्राची,
महिनाभर.
दोन्हीकडचे डॉक्टर हुशार.
एकाचा कागद दुसऱ्यानं पाहिला नाही
आणि बायाक्कानं कुणालाच नाराज केलं नाही.

डॉक्टरांना फोन. ईसीजी. रक्त काढलं,
तिची शीर पळते, दुसऱ्या टोचणीत सापडली.
एक पट्टी रबर लावून बाजूला, वर चिठ्ठी.
लेकाला समजावलं, दोनदा,
तिसऱ्यांदा त्याच्याकडून वदवून घेतलं.
तक्त्यात वेळेच्या घरात गोल काढून लिहिलं
दिली नाही,
आणि का.
दिलेल्या गोळ्यांना नुसती बरोबरची खूण पुरते.

रात्रभर तासातासाला मी तिच्या उशाशी.
मॉनिटर एकच, तो तीन नंबरला लावलाय,
हिला माझे कान.

पहाटे चारला वाटतं झोपली,
चकती हळूच टेकवते,
मिनिट भरायच्या आत अंधारातनं आवाज येतो,
"किती?"
थांब, पुरं होऊ दे.
थांबते. मीही.
"दोन कट्टे, वर सहा."
"मग? मुकादम घेतोय का?"
अजून नाही, बायाक्का.
ती मान हलवते, कूस बदलते,
पांघरुणाखाली बोटं
परत दोरा गुंडाळायला लागतात.