सहा दिवसांचा कागद

भद्रावती पेठेत आज नळ आला पहाटे चारला.
पिंप भरलं, हंडे भरले, पातेल्यासुद्धा भरल्या,
मग ओल्या फरशीवर पाय पसरून
यादगिरीनं कागद उलगडला,
मठपतीच्या ऑफिसातला, गुळगुळीत, हिरवागार:
सहा दिवस केरळ, सतरा ठिकाणं.

सतरा.
मी मनात मोजली, विड्या मोजायचे तशी.
पंचवीसचा कट्टा, कट्ट्यावर कट्टा,
हजार झाल्याशिवाय मान वर नाही.
तीस वर्षं मान सुपात घालून बसले,
आता सुट्टीतली ठिकाणंही का
संध्याकाळी मोजून द्यायची कुणाला?

नातीकडून पेन घेतला
आणि चेकरसारखी छाट काढायला लागले.
पहाटे पाचला सूर्योदय: छाट.
मसाल्याची बाग, चहाची बाग, धबधबा,
सगळं दुपारच्या जेवणाआधी: छाट.
सोन्याच्या दुकानाला सदिच्छा भेट,
ती त्यानंच खोडली, हसत.
हत्ती राहू दे, म्हणाली नात.
लांबून बघू, म्हटलं. त्यालाही सुट्टी असेल.

उरलं एक गाव, पाण्याकाठचं.
एक खोली, पुढं ओसरी,
सहाच्या सहा दिवस.
"तिथं नळ कितव्या दिवशी येतो, विचार,"
तो म्हणाला, सवयीनं.
फोनवरच्या बाईला हिंदी थोडी, मला त्याहून थोडी.
पाणी? ती म्हणाली. पाणी तर घराच्या तीन बाजूंनी.
हे मी त्याला दोनदा ओरडून सांगितलं,
डावा कान टॉवेलच्या मागांनी खाल्लाय त्याचा,
उजवा चादरींच्या.
त्यानं आपल्या पिंपाकडं बघितलं
आणि उठून झाकण नीट बसवलं.

देवळात रात्रभर कथकळी असते म्हणे.
ते मी खोडलं नव्हतं.
"रात्रभर? आणि भाषा?
इथली ऐकू येईना, तिथली काय कळणार मला?"

तेव्हा मी हात वर केला.
दोन बोटं ओठांकडं: डबा आलाय.
मनगट झटकून, मग सात बोटं: धागा तुटला, सात नंबर.
मुठीनं मिशी पिळली: मालक.
तो बघतच राहिला.
शेडच्या दारात डबा घेऊन उभी असायचे ना,
तिथंच शिकले तुमची ती बोली, खडखडाटाखालची.
चाळीस माणसं हातांनी बोलायची,
भांडायची, उधार मागायची,
सोयरिकी जुळवायची.
आपली तशीच जुळली.
तुझ्या मामानं त्या टोकाहून भुवई उडवली,
माझ्या नानानं मान डोलावली,
हातातली गाठ मारता मारता.

ते लोकही भुवईनंच बोलतात, म्हटलं,
तोंड हिरवं रंगवून, बोटांनी, बुबुळांनी.
पुढं बसू आपण.
नाही समजलं तर झोपू तिथंच,
चादर आहेच.

"चादर कशाला, तिकडं घाम निघतो."
चादर आहेच, मी म्हटलं.
कडक भाकरी, शेंगाची चटणी, त्याची बीपीची गोळी,
आणि दिवाळी झाली की निघायचं,
पाण्याच्या दुसऱ्या दिवशी,
म्हणजे सुनेला लगेच भरावं लागणार नाही.

मग बराच वेळ तो गप्प.
हात उचलला, आडवा धरला,
धोट्यासारखा इकडून तिकडं नेला,
मानेनंच म्हणाला, नाही, हे नव्हे.
पुन्हा उचलला. बोटं पसरली, मिटली.
समुद्राला खूण नव्हती शेडमध्ये.
कधी लागलीच नाही.

मीही करून बघितली एक.
नात हसायला लागली आम्हां दोघांना.

नऊसुद्धा वाजले नव्हते
आणि फरशी खडखडीत वाळली होती.