अकरा सफरचंदं

सिव्हिलमधून घरी आलो तेव्हा
सोबत अकरा सफरचंदं होती.
भेटायला येणाऱ्यांनी आणलेली,
गालावर स्टिकर लावलेली, गुळगुळीत,
माझ्यापेक्षा धडधाकट.

नरसव्वा म्हणाली, ही फळं
नुसती कापून खाल्ली की माणूस आजारीच राहतो.
तिनं ती किसली.
गूळ, सुंठ, चार लवंगा, सुकं खोबरं,
तिची आई कज्जीकायांत भरायची तसं.

किसाला पाणी सुटलं.
पहिल्या तीन तेलात फुटल्या
आणि कढई शिव्या देऊ लागली, त्याही तेलुगूत.
मग तिनं भाजलेला रवा मिसळला,
कडा मुडपल्या
चादरीची किनार मुडपतात तशा, बारीक.

साखर पेठेत दुपारी वीज गेलेली, माग गप्प.
तेवढ्या शांततेत पहिला घास मोडला
तो भिंतीपलीकडे गाजूलबाईंना ऐकू गेला.
त्या ताटली घेऊनच आल्या.

आत वाफ, आंबटगोड.
जीभ भाजली, तरी तोंड उघडवेना.
"डॉक्टरांनी तळलेलं..." मी चौथी उचलत म्हणालो.
"फळच आहे," ती म्हणाली,
आणि पाचवी माझ्या हातावर ठेवली.

वीज आली. माग खडखडू लागले.
धाकट्यानं सगळे स्टिकर
मागाच्या खांबाला चिकटवलेत,
दहाच भरतात.
अकरावा बहुतेक मी खाल्ला.