तेरा आणि सत्तेचाळीस

आइस्क्रीमच्या डब्यात घालून आणला त्यानं
मोडका गिअरबॉक्स. प्लास्टिकचा, काडेपेटीएवढा,
दात झिजून मेणासारखे.
"पुर्सो अंकल, दगडावर चढायची गाडी आहे, रिमोटवाली.
पळायला नको. चढायला हवी."

कायतानचा पोरगा, जोव्हिटो.
हनुवटी तीच.
नट पडला की खाली न बघता
आढ्याकडे बघायची खोडही तीच.

बावीस वर्षं आम्ही टिपरचे गिअरबॉक्स उतरवले,
मी खाली, कायतान वर, मध्ये साखळी.
खाण चालू होती तेव्हा सावर्ड्यात
वाळत घातलेलं धोतरही लाल व्हायचं.
आता टिपर उभे आहेत, स्टिअरिंगमधून वेल गेलीय,
आणि मी चिमट्यात पाच मिलिमीटरचं बेअरिंग धरून
चष्मा शोधतोय,
जो कपाळावर आहे.

बारा आणि अठ्ठेचाळीस सोपं होतं.
पण सोप्या हिशेबात तोच दात त्याच दाताला
दर चौथ्या फेऱ्याला भेटतो,
एकाची खोट दुसऱ्याच्या अंगात कोरली जाते.
म्हणून तेरा आणि सत्तेचाळीस,
एकमेकांना भाग न जाणारे.
मोठं चाक तेरा वेळा फिरेल
तेव्हा कुठे ती जोडी पुन्हा समोरासमोर.

धातू बार्जच्या जुन्या बुशाचा, गनमेटल,
कायतानच्या कपाटातला.
कपाट त्याचं, किल्ली माझ्याकडे राहिलेली.
त्यानं मागितली नाही, मी दिली नाही.

डिव्हायडिंग हेडवर सत्तेचाळीस भोकांची रांग.
चाळीस मोजायची, पिन सोडायची, कापायचं.
चाळीस मोजायची, पिन सोडायची, कापायचं.
एकतिसाव्या दाताला पोदेराचा भोंपू वाजला,
मी पाव किती घ्यायचे ते मोजलं
आणि शेवटचा दात निम्माच उरला.
ते चाक आता टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली आहे.

दुसरं जमलं.
विजेच्या बिलाची पट्टी दातांत धरून फिरवली,
चुणी पडली, फाटली नाही.
एवढीच फट हवी.

चिऱ्यांच्या बंद खाणीत गेलो, उन्हं उतरल्यावर.
जोव्हिटोनं कळ पुढे ढकलली.
गाडी मागे गेली.
शांतपणे, पूर्ण ताकदीनं, मागे.

मूळ डब्यात मध्ये एक चाक जास्तीचं होतं.
वेग बदलत नाही, जोर वाढवत नाही,
बिनकामाचं म्हणून मी वगळलं होतं.
ते दिशा सांभाळत होतं.

रात्री बसून केलं, एकोणीस दाती.
सकाळी खिशात घालून नेलं, तर पोरानं
रिमोटवरचा एक खटका नखानं इकडचा तिकडे केलेला,
गाडी पुढे चाललेली.
मी खिशातला हात खिशातच ठेवला.

जांभ्याच्या पायरीशी चाक भोकात रुतलं.
मोटर सव्वा अकरा वेळा फिरते
तेव्हा बाहेरचा दांडा एकदा.
कुर्लीसारखी चाचपत, अंग तिरकं करत,
टेकली, घसरली, पुन्हा टेकली.
"ल्हवू, ल्हवू," मी म्हणत होतो,
टिपर मागे घेताना कायतानला म्हणायचो तसं.
चढली.

पोरानं व्हिडिओ बापाला पाठवला.
तो स्विंडनला, गोदामात, रात्रपाळीला.
आमचं बोलणं नाही. कशावरून,
ते आठवायला दोघांनाही वेळ लागेल.

तासाभरानं त्याचा आवाज आला,
मागे कसल्याशा पट्ट्याची घरघर:
"दुसऱ्या शाफ्टार शिम उणी आसा.
आयकूंक येता. पुर्सोक सांग."

तेवीस सेकंदांचा व्हिडिओ. त्यात वारा,
त्यात कुणाचा तरी कुत्रा भुंकतोय.

"तुझ्या बापाचे कान गेलेत," मी म्हटलं.
"गाडी ठेवून जा."

पोरगा वळणाआड गेल्यावर
डबा उघडला, दुसरा शाफ्ट बोटानं ढकलून पाहिला.
हलत होता. केसाएवढा.

शिमची डबी त्याच्याच कपाटात असते,
वरच्या कप्प्यात, डावीकडे.