मगरीचं तोंड

तुर्काना सरोवराकाठी, पत्र्याच्या शाळेत
न्याविराबाई फळ्यावर मगर काढतात,
आ वासलेली, दातांसकट.
"हावरट आहे ही. मोठ्या आकड्याकडेच तोंड करते."

नऊ आणि चार.
सगळ्या वह्यांत जबडे नऊकडे.
एकिदोरचा तेवढा चारकडे.

"अरे, उलटं झालं."
तो मान हलवतो.
"नऊ शेळ्या एकत्र असल्या
की ती पाण्यातच राहते, बाई.
कमी असल्या की येते.
आमची तर एकटीच होती."

खडू हवेत तसाच.
मग बाई दात पुसतात,
डोळा, शेपूट.
उरतात दोन रेघा,
एका टोकाला मिटलेल्या.
"ही नुसती खूण, बाळा."

थुंकी लावून एकिदोर जबडा खोडतो,
नऊकडे वळवतो.
आणि चारभोवती
गुपचूप काढतो
काट्यांचं कुंपण.